विरजणाची वंशावळ

वैजयंता मगदूमच्या दुकानाला शटर नव्हतंच, तरी मंगळवारी सकाळी नऊ वाजता कुणीतरी ते अर्धं खाली ओढलं.

दुकान म्हणजे वेबसाइट. नाव ‘गाडगं’. गडहिंग्लजच्या मगदूम गल्लीत म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या गाडग्यांत लागायचं आणि थंड गाड्यांतून कोल्हापूर, बेळगाव, पार पुण्यापर्यंत जायचं. सहाशे चाळीस घरं ठरलेली. वेबसाइट तिनं स्वतःच बांधली होती. बारावी नापास बाईनं, एका हातात रवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून, व्हिडिओ बघत बघत. त्यामुळे पहिली दोन वर्षं ‘पिशवीत टाका’ हे बटण दाबलं की गाडग्याचा फोटो उलटा व्हायचा. गिऱ्हाइकांनी तेही चालवून घेतलं. दहीच तसं होतं.

आज त्या पानावर अर्ध्यापर्यंत राखाडी पडदा उतरला होता आणि त्यावर सरकारी अक्षरं होती : ‘या दुकानाने आपली ओळख पूर्ण उघड केलेली नाही. उरलेली मुदत : सहा दिवस.’

“अहो, आपलं दुकान बंद पडायला लागलंय!”

तिचा नवरा शिवगोंडा गोठ्यात म्हैस धूत होता. “आपल्याला दुकान कुठाय?” तो तिथनंच म्हणाला.

“आठ वर्षं ज्याच्यावर जेवताय ते!”

“हां, ते व्हय.” पाण्याचा आवाज थांबला. “मग म्हशीला सांगू का, संध्याकाळचं दूध नको म्हणून?”

कायदा काही आभाळातनं पडला नव्हता. मधल्या दहा वर्षांत इंटरनेटवर भुईछत्र्यांसारखी दुकानं उगवली होती आणि त्यांतली निम्मी कोण चालवतं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ‘आजीच्या हातचे लाडू’ मागवावेत तर आजीचा पत्ता कुठल्या तरी गोदामाचा निघायचा आणि आजीचा फोटो यंत्रानं काढलेला असायचा. मग ‘उघड ओळख कायदा’ आला. आधी मोठ्यांना, मग लहानांना. वेबसाइटवर एक वस्तू विकली तरी पानाच्या तळाशी मालकाचं नाव, राहता पत्ता, चालू फोन, नोंदणीचा आकडा, माल परत घेण्याचे नियम, सगळं ठळक पाहिजे. त्याला लोक ‘पायपट्टी’ म्हणत. वैजयंताची पायपट्टी चोख होती. तिला त्याचा अभिमानही होता. नटूनथटून चाललेल्या बाईच्या टाचा बघाव्यात, तसं ती दुसऱ्यांच्या वेबसाइटची पायपट्टी आधी बघायची.

पण यंदाच्या पाडव्यापासून पायपट्टीत एक रकाना वाढला होता. ‘जीवमूळ’. दही, इडलीचं पीठ, पाव, जे जे जिवंतपणी आंबतं त्याचं विरजण कुठल्या घरातून आलं, ते सांगायचं. दुसऱ्या घरातून आलं असेल तर त्या घराचं नाव लिहायचं आणि त्या घराची संमती लावायची. माणसाच्या शब्दावर भागणार नव्हतं, यंत्र तपासणार होतं.

वैजयंतानं त्या रकान्यात लिहिलं होतं : ‘दोन पिढ्यांचं विरजण. सासूबाई भागीरथीबाई मगदूम यांच्यापासून अखंड, एकाच घरात.’

‘अखंड’ लिहिताना तिचं बोट जरासं अडखळलं होतं. ते काही यंत्रानं पाहिलं नव्हतं, असं तिला वाटलं होतं.

*

दुपारी कुराडेसर आले. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि आता तालुक्याचे पडताळणी अधिकारी. त्यांचा खडू सुटला होता, शिकवणं सुटलं नव्हतं.

“तुम्ही माझ्या वर्गात नव्हता ना?” ओट्याशी स्टूल ओढत त्यांनी विचारलं. “नाहीतर बारावी नापास झाला नसता.”

“नव्हते म्हणून दहावी तरी पास झाले, सर.”

सर खूश झाले. त्यांनी पिशवीतून काडेपेटीएवढी डबी काढली, मोबाइलला जोडली आणि गाडग्यातल्या दह्याचा एक थेंब डबीच्या तोंडात सोडला.

“आता बघा. या डबीत एक पडदा आहे आणि त्याला इतकं बारीक भोक आहे की त्यातून जनुकांचा धागा एका वेळी एकच जाईल. धाग्यावरचं एकेक अक्षर भोकातून सरकतं तेव्हा विजेचा प्रवाह जरासा हलतो. कसा हलला, त्यावरून अक्षर कळतं. सुईत दोरा ओवताना बोटाला गाठ लागते ना, तसं.”

“म्हणजे ही दह्याचं वाचन करते?”

“दह्यातल्या जिवाणूंचं. आणि खरी गंमत पुढंच आहे.” सर स्टुलावर पुढं सरकले. “या जिवाणूंना रोग होतात. त्यांच्यावर विषाणू हल्ला करतात. बहुतेक मरतात, पण जो वाचतो तो त्या विषाणूचा एक तुकडा कापून आपल्या जनुकांत जपून ठेवतो. पुन्हा तोच आला तर ओळखायला. अशी यादीच असते. नवा शत्रू यादीत सगळ्यात पुढं, जुने मागं. आणि ही यादी पोराबाळांना वारशानं मिळते.”

“पोलिस ठाण्यात फोटो लावतात तशी?”

“अगदी! आणि विषाणू घरोघरचे वेगळे. तुम्ही गाडगी ज्या पाण्यानं धुता त्या पाण्यातले तुमचे, शेजारच्या पाण्यातले शेजारचे. म्हणजे यादी वाचली की विरजण कुठल्या क्रमानं कुठल्या घरात राहिलं ते कळतं. काय डोकं आहे बघा निसर्गाचं! दही बोलत नाही म्हणतात. दही रोजनिशी लिहितंय!”

वैजयंतानं गाडग्यावर झाकण ठेवलं. कारण नऊ वर्षांपूर्वी तिच्या घरातलं विरजण मेलं होतं आणि ते तिनं आजवर कुणालाही, शिवगोंडालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

शिवगोंडाचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा ती त्याला घेऊन चार दिवस बेळगावच्या दवाखान्यात होती. विरजण फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते झोपतं, असं सासूबाईंचं सांगणं होतं, म्हणून ते ओट्यावरच राहिलं. परत आली तेव्हा गाडग्यात निळी लव होती आणि वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. आणि मग तिनं केलं ते चोरीचं काम. भिंतीपलीकडच्या घरातून, मोठ्या जावेच्या स्वयंपाकघरातून, दोन चमचे विरजण तिनं पदराखाली आणलं.

मागितलं असतं तर? मागता येत नव्हतं. मोठी जाऊ कस्तुरी आणि ती, दोघींचं बोलणं त्याआधी पाच वर्षांपासून बंद होतं आणि ते बंद पाडणारं वाक्य वैजयंताचंच होतं. चौदा वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली. जमीन, म्हशी, भांडी, सगळ्याचे दोन वाटे पडले. मग पाळी आली विरजणाच्या गाडग्याची. तेव्हा पस्तिशीची वैजयंता दहा माणसांसमोर म्हणाली होती, “ते माझ्याकडंच राहू द्या. आक्कांच्या हाताला दही लागत न्हाई.”

पंचांनी अर्धं विरजण कस्तुरीच्या वाटीत ओतलं. ती वाटी घेऊन उठली आणि गेली ती गेलीच.

डबीनं टुंग केलं.

सरांनी मोबाइल वळवून दाखवला. रंगीत मण्यांची माळ होती. “सगळ्यात मागचे हे पांढरे मणी जुने, नळाच्या पाण्याचे. सासूबाईंच्या काळातले. मग हे निळे. तुमच्या परसातल्या विहिरीच्या पाण्यातले. येताना मी तेही तपासलं. मग हे तांबडे. हे तुमच्याकडचे नाहीत. बोअरच्या पाण्याचे दिसतात. आणि मग पुन्हा निळे, आजपर्यंत.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “एकाच घरात, अखंड, म्हणालात ना?”

वैजयंता माळेकडे पाहत राहिली. तांबडे तिला कळले. कस्तुरीच्या घरी वाटणीनंतर बोअर मारली होती. चोरी पकडली गेली, तीही दह्यानं पकडून दिली.

पण मग तिची नजर तांबड्या मण्यांच्या मागं गेली आणि तिथंच अडकली.

“सर, हे मधले निळे हितं कसे?”

“तुमच्या विहिरीचे.”

“विहीर वाटणीनंतर वर्षानं खणली. वाटणीच्या आधी हितं विहीरच न्हवती.” ती आता उभी राहिली होती. “मी विरजण आणलं तांबड्या घरातनं. माझं सगळं मेलं होतं, सर, एक थेंब उरला न्हवता. आणलं ते निव्वळ तिचं. मग तिच्या विरजणात तांबड्याच्या आधी माझ्या विहिरीचे मणी कुठनं आले?”

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वर्गातली पोर बरोबर उत्तराकडं चालली होती. कुराडेसरांनी मोबाइल तिच्याकडं सरकवला.

“म्हणजे,” वैजयंता सावकाश म्हणाली, “तिचंबी मेलं होतं. माझ्या आधी. आणि तिनंबी माझ्याच गाडग्यातनं नेलं होतं.”

“शाबास!” सर स्टुलावरून उठलेच. “विरजण तुमच्याकडून गेलं, तिथं राहिलं आणि परत आलं. बारावी नापास कोणी केलं हो तुम्हाला?”

ती हसली नाही. कस्तुरीची वाटी तिला दिसत होती. दहा माणसांसमोर ‘हाताला दही लागत नाही’ ऐकून घरी नेलेली वाटी. ते विरजण मेलं त्या दिवशी कस्तुरी घरात कुणाशी काय बोलली असेल? कुणाशीच नाही. जसं वैजयंताही बोलली नव्हती.

“बरं झालं एक,” सर कागद चाळत म्हणाले. “कलम सात. परक्या घराच्या खुणेआधी तुमच्याच घराची खूण असेल तर ‘स्वमूळ’ लिहिता येतं. दुसऱ्या कुणाचं नाव नको, संमती नको. एक बटण दाबा, पडदा आत्ता वर जातो.”

मोबाइलवर बटण होतं. हिरवं, तुळशीच्या पानाएवढं. स्वमूळ.

वैजयंताचं बोट त्यावर गेलं. सहाशे चाळीस घरं, आठ वर्षं, उलटे फोटो, सरळ फोटो. कुणाला काही कळणार नव्हतं. आणि खोटंही नव्हतं ते, कायद्यानं.

“आणि नाव लिहिलं तर?”

“नाव एकदा लिहिलं की खोडता येत नाही. मग त्यांची संमती लागेलच. नाही दिली तर सहाव्या दिवशी पडदा पूर्ण खाली, आणि तो वर न्यायला वर्ष जातं.” सरांनी चष्मा काढला. “हे मी अधिकारी म्हणून सांगतोय. शेजारी असतो तर म्हणालो असतो, दाबा बटण.”

“शेजारी न्हाईसा, तेच बरं हाय,” वैजयंता म्हणाली आणि तिनं रकान्यात अक्षर अक्षर लिहिलं : कस्तुरी आदगोंडा मगदूम.

*

बुधवारी सकाळी ती परसदारानं कस्तुरीच्या दारात उभी राहिली. दोन्ही घरांची मागची दारं एकाच बोळात उघडतात. मधे आठ पावलं. ती आठ पावलं तिनं नऊ वर्षांत टाकली नव्हती, आणि त्याआधी टाकली होती ती चोरासारखी.

कस्तुरी विळीवर गवारी मोडत बसली होती. वर पाहिलं. केस पांढरे झाले होते. भिंतीवरून आवाज रोज ऐकू येतो, केस कुठं दिसतात.

“आक्का, एक सांगायचं होतं.”

गवारीचा कटकट आवाज चालूच राहिला.

वैजयंतानं घरी तीन वेळा घोकून आणलेलं सगळं विसरून एकदम सांगून टाकलं. “नऊ वर्षांमागं ह्यांचं आपरेशन झालं तवा माझं विरजण मेलं. तुमी गिरणीला गेला होता. दार उघडं होतं. मी आत आले आणि तुमच्या भांड्यातनं दोन चमचे घेतलं. तेच दही विकते मी. सासूबाईंचं म्हणून.”

कटकट थांबली.

“नऊ वर्षं?”

“व्हय.”

“सासूबाईंचं म्हणून?”

“व्हय, आक्का.”

“आणि आज का सांगालाईस?”

“कायदा आलाय. ह्या कागदांवर तुमची संमती लागती.”

आणि ते बोलल्याबरोबर वैजयंताला आपली जीभ चावावीशी वाटली. चौदा वर्षांनी तोंड उघडलं ते कायद्याचं नाव घ्यायला! कस्तुरीनं एक शेंग उचलली, मधोमध मोडली.

“कागद ठेव हितं. आणि जा. म्हशीची वेळ झाली तुझी.”

वैजयंतानं सरांनी दिलेला गठ्ठा ठेवला, त्यात माळेचं चित्रही होतं. यादीतल्या निळ्या मण्यांचं ती एक अक्षर बोलली नाही. ते कागदात होतं. वाचलं तर दिसेल, नाही वाचलं तर नाही. चोरी सांगायला आलेल्या माणसानं समोरच्याची चोरी काढू नये, एवढं तिला कळत होतं.

*

गुरुवारी पडदा दोन बोटं खाली आला. शुक्रवारी आणखी दोन. गिऱ्हाइकांचे निरोप यायला लागले. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, ‘ताई, ओळख अपूर्ण म्हणजे काय? तुम्ही खऱ्या आहात ना?’ वैजयंतानं उत्तर दिलं, ‘मी खरी आहे. दही खरं आहे. वाक्य खोटं होतं.’ आणि पाठवलं. मग मोबाइल समोर ठेवून बसली. दहा मिनिटांनी बाईंचा निरोप आला : ‘मग चालेल. वाट बघते.’

त्या एका ‘चालेल’नं तिला असं काही उधाण आलं की तिनं वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे अख्खं पान खोडलं आणि वाटणीपासून अपेंडिक्सपर्यंत सगळं पुन्हा लिहून काढलं. फक्त जावेचं नाव असलेली वाक्यं झाकून ठेवली. ती तिच्या संमतीची होती.

शनिवारी दुपारी कुराडेसरांचा फोन आला. ते धावत असल्यासारखे बोलत होते.

“वैजयंताबाई, तुमचा नमुना विद्यापीठात दाखवला! बसलाय ना तुम्ही?”

“उभी हाय. बोला.”

“तर बसा. गेले तीन उन्हाळे मोठमोठ्या डेअऱ्यांची विरजणं पटापट मरतायत ना? ऊन वाढलं, विषाणू वाढले. त्यांचं विरजण म्हणजे एकाच डब्यातलं, एकाच घरात वाढलेलं लाडावलेलं लेकरू. बाहेरचं वारं लागलं की आडवं. तुमच्या विरजणाच्या यादीत त्रेचाळीस विषाणूंची ओळख आहे! नळाची, विहिरीची, बोअरची! आजवर तपासलेल्या कुठल्याही घरगुती विरजणात वीसच्या वर नव्हती. विद्यापीठवाल्यांनी त्यावर डेअरीची विरजणं मारणारे विषाणू सोडले. काही झालं नाही त्याला! सकाळी गोड दही लागलेलं!”

वैजयंता खरंच बसली. “म्हणजे ते दोन घरांत राहिलं म्हणून...”

“म्हणून वाचलं. एकाच घरात अखंड राहिलं असतं तर कधीच गेलं असतं. कायद्याप्रमाणं आता विद्यापीठाला हे वापरायचं तर पायपट्टीतल्या सगळ्या मूळ-घरांची नावं छापावी लागणार. सगळ्या. तर त्या तुमच्या जाऊबाई...”

“त्या वाचालाईत,” वैजयंता म्हणाली. तेवढंच तिला माहीत होतं. काल संध्याकाळी भिंतीपलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला होता.

एव्हाना सगळं कळलेल्या शिवगोंडानं रात्रीच्या जेवणाआधी ताटावर बसून विचारलं, “मी जाऊ का वैनीकडं?”

“काय सांगाल?”

“सांगीन की, माझ्या बायकोचं तोंड वाईट हाय पण हात चांगला हाय.”

“हातावरनंच बोलून बसलेय मी त्यांना. तुमी भाकरी खावा.”

*

रविवारी संध्याकाळी सहाला पडदा पुरा पडणार होता. चारला परसदार वाजलं.

कस्तुरी उभी होती. हातात कागद, कागदावर जागोजागी पेन्सिलीच्या खुणा, नाकावर चष्मा. आत ये म्हणायची वाट न बघता ती आत आली आणि सासूबाई ज्या पाटावर बसत त्याच्या शेजारच्या पाटावर बसली.

“बेचाळीस पानं हायत,” ती म्हणाली. “सगळी वाचली. माणसानं लिहिलाय का कुणी? एक वाक्य संपता संपत न्हाई.”

“आक्का, चहा...”

“मागनं. आधी काम.” तिनं रंगीत माळेचं पान काढलं आणि मधल्या निळ्या मण्यांवर बोट ठेवलं. “हे काय?”

“ते राहू द्या.”

“राहू द्या कशाला? मीच हाय ती.” कस्तुरीनं चष्मा कपाळावर सारला. “वाटणीनंतर तीन वर्षांत मेलं माझं. दुधात काय पडलं कुणास ठाऊक. तुझं वाक्य तवा कानात असं वाजायचं, वैजे, की भांडं घासतानाबी वाजायचं. तू जत्रेला म्हायेरी गेलीस तवा आले आणि नेलं. तुझं दार उघडं न्हवतं. कडी वर करून आले. माझी चोरी तुझ्यापेक्षा मोठी हाय.”

“माझं वाक्य त्याहूनबी मोठं होतं, आक्का. दहा माणसांत बोलले. आज माणसं गोळा करता येत न्हाईत, न्हाईतर...”

“सहाशे चाळीस करता येतात की.” कस्तुरीनं मोबाइलकडं हनुवटी केली. “लिही त्यात. माझी चोरी, तुझी चोरी, तुझं वाक्यबी. झाकून काय ठेवू नकोस.”

वैजयंता लिहायला बसली. मोठ्या परीक्षेत सगळी उत्तरं येतात म्हटल्यावर पोरं बसतात तशी. कस्तुरी खांद्यावरून वाकून बघत होती आणि दर ओळीला सुधारत होती. थोरलीचं नाव आधी पाहिजे. ‘चोरी’ला ‘उचललं’ लिहू नकोस, चोरी ती चोरी. बोअर दोनशे ऐंशी फूट, अडीचशे न्हाई.

“आणि ह्यो रकाना रिकामा का? तक्रार निवारण अधिकारी.”

“एका घराच्या दुकानाला लागत न्हवता. दोन घरं झाली की लागतोय.”

“माझं नाव लिही.”

“आक्का, गिऱ्हाइकं फोन करतील, वाटेल ते बोलतील.”

“बोलू देत की. चौदा वर्षांच्या तक्रारी साठवल्यात मी. त्यांना काय नवं सांगणार?”

पाच वाजून दहा मिनिटांनी सगळे रकाने भरले. उरलं एकच : संमतीचं बोलणं. मूळ देणाऱ्यानं आपल्या आवाजात, कधी दिलं, कसं दिलं आणि राजीखुशीनं दिलं का, ते सांगायचं. घेणाऱ्यानं समोर हजर राहायचं. सरांनी आवाज नोंदवायला मागं ठेवलेल्या डबीचं बटण वैजयंतानं दाबलं.

“मी कस्तुरी...”

“आक्का, जरा जवळ या.”

“आलेय की.”

डबी म्हणाली, ‘दोन आवाज एकत्र आले. कृपया एकानेच बोलावे.’

पुन्हा बटण. “मी कस्तुरी आदगोंडा मगदूम, राहणार...”

“पत्ता त्यात हाय, आक्का, पुन्हा नको.”

“कायद्यात लिवलंय, पत्ता सांगावा म्हणून. पान एकोणतीस!”

‘दोन आवाज एकत्र आले.’

तिसऱ्यांदा दोघी डबीवर चिडल्या आणि तेही एकदमच. शिवगोंडा दारात उभा राहून हे बघत होता. चौदा वर्षं या घरात भिंतीकडं तोंड करून जेवणं झाली होती. आता यंत्रालाही मधे बोलायला जागा मिळत नव्हती. तो गोठ्याकडं वळला.

पाच पस्तीस. कुराडेसरांचा फोन वाजत होता. वैजयंतानं तो उपडा ठेवला. मग बटण दाबलं, आणि आपला उजवा हात उचलून आपल्याच तोंडावर गच्च धरला.

कस्तुरीनं तिच्याकडं पाहिलं. मग डबीकडं बघून, सावकाश, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईसारखी बोलायला लागली.

“मी कस्तुरी आदगोंडा मगदूम. राहणार गडहिंग्लज, मगदूम गल्ली. नऊ वर्षांमागं, श्रावणातला तिसरा सोमवार. सकाळी हिच्या वट्ट्यावर विरजणाचं गाडगं पालथं वाळत घातलेलं दिसलं. विरजणाचं गाडगं कुणी पालथं घालत न्हाई. मला कळलं. मागायला ती येणार न्हवती, द्यायला मी जाणार न्हवते. तवा मी माझं भांडं आतल्या खोलीतनं आणून दाराजवळ ठिवलं. वर चमचा ठिवला. परसदार सताड उघडं टाकलं आणि डबा घेऊन गिरणीला गेले. तासभर बसले तिथं. डब्यात दाणे न्हवते.”

वैजयंताच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं, पण हात तिनं काढला नाही.

“तिनं चोरलं न्हाई,” कस्तुरी म्हणाली. “मी दिलं. माझ्या राजीखुशीनं दिलं.”

डबीवर हिरवा दिवा लागला. मोबाइलवरचा राखाडी पडदा एकेक बोट वर जायला लागला. खालून आधी पायपट्टी दिसली, तीत थोरलीचं नाव आधी, मग धाकटीचं.